आईचा मायट्रल व्हॉल्व्ह लीक आहे, छाती उघडून करायचं की छोट्या चिऱ्यातून?

एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५४, मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) गळतोय, इकोच्या रिपोर्टवर 'सिव्हिअर एमआर, पी टू प्रोलॅप्स' लिहिलंय, म्हणजे गळती मोठी आहे, पी टूचं पुढे सांगते. सोलापुरात छाती उघडून ऑपरेशन सांगितलं, पुण्यात एकांनी उजव्या बाजूने छोट्या चिऱ्यातून करू म्हणून सांगितलं आणि खर्च दीडेक लाख जास्त. मामा म्हणतायत एवढ्याशा भोकातून डॉक्टरला दिसणार काय, रिस्क नको. आणि जाता जाता हेही विचारलंय की काकांना तीन ब्लॉकेज आहेत, शुगर आहे, त्यांचंही असंच होईल का.

आधी सांगते, मी सर्जन नाही, हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणारी डॉक्टर आहे. म्हणजे कुठली पद्धत भारी यात माझा मान अडकलेला नाही, पेशंटच्या डोक्याशी उभी राहून दोन्ही प्रकार बघते आणि नंतर आयसीयूत कोण कसं उठून बसतं तेही बघते. त्यामुळे जे दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, छोटा चिरा म्हणजे छोटं ऑपरेशन असं अजिबात नाहीये. लोक याला 'लेझरने करतात', 'दुर्बिणीने करतात' काहीही म्हणतात आणि मग वाटतं की अँजिओप्लास्टीसारखंच काहीतरी असेल, दोन दिवसांत घरी. अँजिओप्लास्टी, मांडीच्या नसेतून व्हॉल्व्ह बसवायची टावी, क्लिप लावणं, ही सगळी कॅथेटरची, म्हणजे नसेतून बारीक नळी घालून करायची कामं, ती कार्डिऑलॉजिस्ट करतात आणि त्यात हृदय चालूच असतं. आईचं जे सांगितलंय त्यात हृदय थांबवणार, हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम तेवढा वेळ करणारं हार्ट-लंग मशीन लागणार, पूर्ण भूल लागणार, डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा, उघडून व्हॉल्व्ह दुरुस्त करणार. आतलं काम तेच. फरक एवढाच की तिथपर्यंत पोचायचं कुठून, छातीचं मधलं हाड उभं कापून की उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून. मधून केलं तर चिरा साधारण २० ते २५ सेंटिमीटर, बाजूने केलं तर ५ ते ७, बायकांमध्ये तो स्तनाच्या खालच्या घडीत बसतो, नंतर शोधावा लागतो.

आणि बरगड्यांमधून हृदयाकडे जाणं हे काही कालपरवाचं नाही बरं का. हार्ट-लंग मशीन लावून पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकन सर्जन गिबन यांनी केलं ६ मे १९५३ ला, त्याच्या आधीपासून सर्जन डाव्या बरगड्यांमधून शिरून, बोटाने किंवा डायलेटरने आखडलेला मायट्रल व्हॉल्व्ह मोकळा करत होते, हृदय चालू असतानाच. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेल्या मुली इतक्या असायच्या की नसेतून फुगा नेऊन व्हॉल्व्ह मोकळा करायचं बलून यायच्या आधी हे ऑपरेशन भरपूर व्हायचं. अजूनही साठी-सत्तरीची एखादी आजी तपासणीला येते आणि डाव्या कुशीत तो लांबलचक जुना व्रण दिसतो. पुढे मशीन आलं आणि मधलं हाड कापून सगळं समोर उघडं करणं हीच नेहमीची पद्धत झाली, कारण त्यात सर्जनला सगळं दिसतं, सगळीकडे हात पोचतो. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये सर्जन कार्पेंतिए यांनी व्हिडिओच्या मदतीने छोट्या चिऱ्यातून मायट्रल दुरुस्त केला, त्यानंतर हे परत बाजूने जायचं वाढत गेलं.

आता मामांचा मुद्दा, दिसणार काय. दिसतं, आणि मायट्रलच्या बाबतीत तर चांगलं दिसतं, कारण उजव्या बाजूने गेलं की व्हॉल्व्ह बऱ्यापैकी समोर येतो आणि आत कॅमेरा असतो, मोठ्या स्क्रीनवर आम्हाला सगळ्यांना दिसतं. अडचण दिसण्याची नाही, हात पोचायची आहे. लांब दांड्याची हत्यारं, टाका लांबून घ्यायचा, गाठ लांबून सरकवायची, आणि काही बिघडलं, कुठून रक्त यायला लागलं, तर लगेच बोट ठेवता येत नाही. म्हणून ज्याने हे भरपूर केलंय त्याच्याकडे हे मस्त होतं आणि जो महिन्यातून एखादं करतो त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस देणार नाही, मग जाहिरात कितीही मोठी असू दे.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय वेगळं होतं ते सांगते म्हणजे रिस्क कुठे असते ते कळेल. मधून छाती उघडली की मशीनच्या नळ्या सरळ हृदयात आणि महाधमनीत घालता येतात. बाजूने केलं तर तिथे नळ्यांना जागा नाही, मग त्या जांघेतून घालतात, एक शिरेत आणि एक धमनीत. माझं काम इथे सुरू होतं. घशातून इकोचा प्रोब घातलेला असतो, सर्जन जांघेतून वायर सरकवतो आणि मी स्क्रीनवर ती वायर खालच्या महाशिरेतून उजव्या कर्णिकेत येऊन वरच्या महाशिरेत गेलेली बघते, 'दिसली' म्हटल्याशिवाय जाड नळी पुढे जात नाही. कधी ती वायर वर न जाता भलतीकडेच वळते, मग मागे घ्या, परत घाला, पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. धमनीतली वायरसुद्धा महाधमनीच्या पोकळीत नीट दिसल्याशिवाय पंप, म्हणजे तेच हार्ट-लंग मशीन, चालू करत नाहीत. पंप चालू झाला की शुद्ध रक्त जांघेतून उलटं वर चढतं, मेंदूपर्यंत. महाधमनीत आतून चुन्याचे आणि चरबीचे थर साचलेले असतील तर या उलट्या प्रवाहाने त्यातला तुकडा सुटून मेंदूत जायची भीती, म्हणजे पॅरालिसिस. म्हणून ऑपरेशनच्या आधी छातीपासून जांघेपर्यंतचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करतात, निदान वय जास्त असेल, सिगारेट-तंबाखू, शुगर, बीपी असेल तर केलाच पाहिजे. सीटी न करता 'होऊन जाईल छोट्या चिऱ्यातून' म्हणणाऱ्यांना दोन प्रश्न जास्त विचारा.

दुसरं, उजवं फुप्फुस मिटवून ठेवावं लागतं म्हणजे जागा होते. त्यासाठी आम्ही दोन फुप्फुसांना वेगवेगळा श्वास देणारी ट्यूब किंवा ब्लॉकर घालतो आणि काही वेळ पेशंट एका फुप्फुसावर असतो. ज्यांचा दमा जुना आहे, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार) आहे, त्यांना हे झेपत नाही. आणि इथे आपल्याकडची एक खास गोष्ट. तरुणपणी टीबी झालेला असतो, छातीत पाणी झालेलं असतं, ते काढलेलं असतं, आणि घरचे हे सांगत नाहीत, लाज म्हणून किंवा 'ते तर केव्हाचं' म्हणून. त्या टीबीने फुप्फुस छातीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेलं असू शकतं आणि मग उजव्या बाजूने आत जायला वाटच मिळत नाही, सोडवताना फुप्फुस फाटतं, रक्त येतं, शेवटी छाती मधूनच उघडावी लागते. तेव्हा आईला, मावशीला, आजीला बसवून विचारा, टीबीच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का. हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं तर फार बरं असतं.

बाकी बारीकसारीक बरंच आहे, हवा बाहेर काढायला आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, हृदयाला शॉक द्यायचे पॅड आधीच बाहेरून चिकटवलेले असतात कारण आतून पॅडल घालायला जागा नसते, महाधमनीला लावायचा चिमटा वेगळ्या छोट्या छिद्रातून जातो. पंपवरचा आणि हृदय थांबवलेला वेळ छोट्या चिऱ्यात बहुतेक वेळा जास्तच लागतो. आईचं हृदय चांगलं असेल, हृदयाचं स्वतःचं पंपिंग नॉर्मल असेल तर या जास्तीच्या वेळाने काही बिघडत नाही. पंपिंग २५ टक्क्यांवर आलेल्या पेशंटला मात्र प्रत्येक मिनिट महागात पडतं.

आता फायदा किती. यावर ब्रिटनमध्ये एक चांगला अभ्यास झाला, यूके मिनी मायट्रल, २०२३ ला छापून आला, ३३० पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे अर्धे इकडे अर्धे तिकडे, सगळे अनुभवी सर्जन. १२ आठवड्यांनी पेशंट किती हिंडतोय-फिरतोय, कामं करतोय यात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. हॉस्पिटलचा मुक्काम मधल्या आकड्याने ६ ऐवजी ५ दिवस, लवकर घरी गेलेल्यांचं प्रमाण छोट्या चिऱ्यात जास्त. व्हॉल्व्ह दुरुस्त व्हायचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, वर्षभराने इकोही सारखा, धोकाही सारखाच. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना यात उत्तर आहे. जे म्हणतात छोट्या चिऱ्यात काम नीट होत नाही ते चूक, आणि जे म्हणतात छाती उघडली की माणूस आयुष्यभर अधू, तेही चूक.

माझ्या डोळ्यांना दिसणारा फायदा पहिल्या दीड-दोन महिन्यांतला आहे. मधलं हाड स्टीलच्या तारांनी शिवलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीन महिने. तोवर खोकताना उशी छातीशी धरायची, कुशीवर झोपायला त्रास, चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही, कळशी नाही, नातवाला कडेवर नाही, स्कूटी नाही. बाजूच्या चिऱ्यात हाडच कापलेलं नसल्याने ही बंधनं दोन-तीन आठवड्यांत बरीचशी सुटतात. आई शाळेत शिकवत असेल, दुकान बघत असेल, घरी एकटीच करणारी असेल तर हा फरक खरंच मोठा आहे. घरात सून, मुलगी, बाई सगळं आहे आणि दोन महिने आराम सहज मिळणार असेल तर फरक कमी. शुगर असलेल्या, जाड पेशंटमध्ये अजून एक, हाडाच्या जखमेत पू होणं, हाड न जुळणं हे क्वचित होतं पण झालं की महिनोन्‌महिने पुरतं, आणि बाजूने गेल्यावर तो प्रश्नच येत नाही.

दुखत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बरगड्यांच्या मधून जातात तिथूनच नसा जातात, पहिले तीन-चार दिवस काही पेशंटना मधल्या चिऱ्यापेक्षा जास्त दुखतं, आम्ही पाठीत ब्लॉक देतो, औषधं देतो, मग उतरतं. काहींना काही महिने तिथे बधिर किंवा झिणझिण्या राहतात. जांघेच्या जखमेतून पाणी येत राहणं हेही होतं, त्रासदायक असतं पण जीवावरचं नाही. आणि फॉर्मवर सही करताना 'गरज पडल्यास छाती उघडावी लागेल' हे वाक्य असतंच, ते वाचून घाबरू नका, तसं करणारा सर्जन शहाणा असतो.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात नाहीच आहे. आईचा व्हॉल्व्ह दुरुस्त करणार की बदलणार, हे कोणी सांगितलं का? पी टू प्रोलॅप्स म्हणजे मायट्रलच्या मागच्या पडद्याचा मधला भाग सैल होऊन वर उलटतोय, बऱ्याचदा त्याला खालून धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांपैकी एखादी तुटलेली असते. हा दुरुस्तीसाठी सगळ्यात सोयीचा प्रकार. तुटलेल्या दोरीच्या जागी गोरटेक्सचे कृत्रिम धागे लावतात, नाहीतर सैल भाग कापून शिवतात, आणि भोवती रिंग बसवतात म्हणजे चौकट पक्की होते. दुरुस्ती झाली की आईचा स्वतःचा व्हॉल्व्ह राहतो, रक्त पातळ करायची गोळी बहुधा तीनेक महिने आणि मग बंद. बदलून मेटलचा बसवला तर रक्त पातळ करायची अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन जन्मभर, रक्त किती पातळ झालंय ते दाखवणाऱ्या आयएनआरच्या तपासण्या जन्मभर, मायट्रलला तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा, मेथी-पालक रोज सारख्या प्रमाणात, दात काढायचा तरी आधी डॉक्टरला फोन. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला टिश्यू व्हॉल्व्ह बसवला तर गोळी सुटते पण ५४ व्या वर्षी बसवलेला तो पुढे कधीतरी परत बदलावा लागणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सोलापूरचे सर्जन मधून छाती उघडून हमखास दुरुस्ती करणारे असतील आणि पुण्याचे छोट्या चिऱ्यातून व्हॉल्व्ह बदलणारे असतील, तर मी डोळे झाकून सोलापूर निवडीन. उलट असेल तर पुणे. दोघंही दुरुस्ती करतात, दोघांचाही हात बसलेला आहे, सीटी चांगला आहे, मग दीड लाख झेपत असतील तर छोटा चिरा घ्या, कर्ज काढून नको. दोघांनाही जाऊन सरळ विचारा, अशा प्रकारच्या लीकमध्ये दहापैकी किती दुरुस्त होतात, तुम्ही स्वतः छोट्या चिऱ्यातून वर्षाला साधारण किती करता, किती वेळा मध्येच छाती उघडावी लागली, आणि ऑपरेशन संपल्यावर टेबलावरच इको करून लीक तपासता का. चांगला सर्जन या प्रश्नांना चिडत नाही. शेवटचा प्रश्न माझ्या कामाचा म्हणून सांगते, पंप बंद करून हृदय धडधडायला लागलं की आम्ही बीपी नेहमीसारखं वर आणून इको बघतो, किंचित लीक चालतं, त्यापेक्षा जास्त दिसलं तर परत पंपवर जाऊन दुरुस्ती परत करायची, तेव्हा सगळे दमलेले असतात आणि तेव्हाच कोण कसं काम करतं ते कळतं.

खर्चाचं, जास्तीचे पैसे मुख्यतः जांघेच्या खास नळ्या, चिरा उघडा धरून ठेवणारं मऊ रिट्रॅक्टर आणि वेगळ्या हत्यारांचे असतात, काही ठिकाणी नुसते नावाचेही असतात. रोबो म्हटला की अजून वाढतात. रोबोत सर्जन बाजूला कन्सोलवर बसून हात चालवतो, आता सर्जन सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीचा 'एसएसआय मंत्र' हा देशी रोबोही आलाय, पण पंप, जांघ, हृदय थांबवणं सगळं तेच. महात्मा फुले योजनेत बसत असाल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा आणि छोट्या चिऱ्याचा वरचा खर्च योजनेत धरतात का ते ऑपरेशनच्या आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

काकांचं वेगळं आहे. तीन ब्लॉकेज आणि शुगर, अशांमध्ये स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरतो हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात नीट दिसलंय. छोट्या चिऱ्यातून बायपास होतो, डाव्या बरगड्यांमधून, आणि गंमत म्हणजे सोव्हिएत सर्जन कोलेसोव्ह यांनी लेनिनग्राडला २५ फेब्रुवारी १९६४ ला छातीतली धमनी हृदयाच्या नसेला जोडली तीही डाव्या बाजूनेच, चालू हृदयावर. फक्त पुढची मोठी नस, एलएडी, बंद असेल तर हे छानच. तिन्ही नसांना जोडायचं असेल तर मागच्या नसेपर्यंत पोचणं अवघड जातं, काही जण रोज करतात, काही जण एक नस सोडून देतात किंवा नंतर तिथे स्टेंट टाकू म्हणतात. चिरा छोटा पण एक नस राहून गेली, असला सौदा काकांनी करू नये. 'तिन्ही जोडणार का' हे आधी लिहून घ्या. आणि हो, शुगरवाल्यांना छातीपेक्षा पायाची जखम जास्त छळते, बायपासला जोडायला पायातली शीर काढतात, त्यासाठी लावलेला तो मांडीपासून घोट्यापर्यंतचा चिरा. ती शीर दुर्बिणीने छोट्या कटमधून काढता येते, याबद्दल कोणी विचारतच नाही, तुम्ही विचारा.

ऑपरेशनच्या आधीची दोन कामं आत्ताच करा. दातांच्या डॉक्टरकडे आईला घेऊन जा, किडलेला, हलणारा दात, सुजलेली हिरडी जे असेल ते आधी निपटून घ्या, कारण तोंडातले जंतू रक्तात जाऊन नव्या दुरुस्तीवर बसतात. मिश्री लावत असतील तर बंद. आणि घरी आल्यानंतर पहिल्या वर्षात कधीही दोन-तीन दिवसांच्या वर ताप राहिला, थंडी वाजली, तर गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) पाठवायचं, व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय हे दारातच सांगायचं. डिस्चार्ज कार्डचा फोटो आईच्या आणि घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.